जुन्या स्पोर्ट्‌स कारचे हेडलाइट पुन्हा पुन्हा मंद पडतात? बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. गाडी एमजीबी, ट्रायम्फ किंवा त्याच काळातली एखादी दोन दारांची इंग्लिश. इंजिन छान, रंग छान, पण रात्री हेडलाइट लावले की समोर पिवळट डाग पडतो आणि रस्ता काही दिसत नाही. वायरमनकडे नेली की तो नवे बल्ब टाकतो. आठ-पंधरा दिवस उजेड बरा वाटतो, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढच्या खेपेला जास्त वॅटचे बल्ब येतात, त्यानंतर कुणीतरी एलईडी सुचवतं, आणि शेवटी मालक ठरवून टाकतो की ही गाडी दिवसाउजेडीच चालवायची. इंदूरकरांना हे फार जाचतं. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत अशी गाडी बाहेर काढायची वेळच मुळी ऊन उतरल्यावरची. मांडूहून किंवा महेश्वरहून परतताना अंधार पडणारच, आणि भेरूघाटात समोरून भरलेले ट्रक येत असताना नुसत्या अंदाजाने गाडी हाकणं जिवावर बेतू शकतं.

माझं मत स्पष्ट आहे. अशा बहुतेक गाड्यांत दोष बल्बचा नसतो. बॅटरीतून निघालेले व्होल्ट बल्बपर्यंत पोचत नाहीत. वाटेत पन्नास वर्षं जुनी तार असते, झिजलेला स्विच असतो, हिरवट पडलेले जोड असतात आणि गंजलेल्या पत्र्यावर घेतलेला अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट, असते. प्रत्येक जण थोडं थोडं खातो.

मग नव्या बल्बने थोडे दिवस फरक कसा पडतो? बल्ब बदलताना होल्डर ओढून काढला जातो आणि परत दाबून बसवला जातो. त्या घासण्याने पिनांवरचा काळा थर निघतो, जोड तात्पुरता सुधारतो आणि उजेड वाढतो. श्रेय बल्बला मिळतं. थोड्या दिवसांनी पिना परत काळ्या पडतात आणि नवा बल्बही ‘खराब’ ठरतो. हे चक्र मी इंदुरात इतक्या गाड्यांवर पाहिलंय की हेडलाइटची तक्रार आली की मी आधी मल्टीमीटर काढतो, पान्हा नंतर.

व्होल्ट थोडे कमी पडले तर एवढं काय बिघडतं, असं विचारणारे बरेच भेटतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, फार वेगाने घटतो, साधारण ३.४ व्या घाताने. एच४ बल्बचे (डिपर-अप्पर एकत्र असलेल्या हॅलोजन बल्बचे) आकडे १३.२ व्होल्टवर मोजलेले असतात. त्याला १० टक्के कमी व्होल्ट मिळाले तर उजेड ७० टक्क्यांवर येतो. ११ व्होल्ट मिळाले तर निम्माच उरतो, वर रंगही पिवळा होतो. उलट बघा: ११ व्होल्टवर धापा टाकणाऱ्या त्याच बल्बला साडेतेरा मिळाले की उजेड दुप्पट. नवा बल्ब नाही, नवी काच नाही.

मोजायचं कसं

मल्टीमीटर साधा चालतो, पण एक पथ्य कडक पाळायचं: मोजताना दिवे लागलेलेच हवेत. होल्डर काढून मोकळ्या पिनांवर मीटर लावला तर तो पूर्ण १३-१४ व्होल्ट दाखवतो, कारण करंट वाहत नसला तर खराब जोडही काही खात नाही. टेस्टर लॅम्प लावून ‘लाइन बरोबर आहे’ म्हणणारे वायरमन इथेच फसतात. टेस्टरचा चिमुकला बल्ब ओढतो तेवढा करंट कुजक्या जोडातूनही आरामात जातो.

इंजिन चालू ठेवा, थोडा रेस द्या, डिपर (खालचा झोत) लावा. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मोजा. १३.८ ते १४.२ च्या आसपास हवेत. मग होल्डरच्या मागून, बल्ब जोडलेला ठेवूनच, पिनांवर मोजा. इंग्लिश गाड्यांत तारांचे रंग ठरलेले असतात: निळी-लाल म्हणजे डिपर, निळी-पांढरी म्हणजे अप्पर (लांबचा झोत), काळी म्हणजे अर्थ. दोन आकड्यांतला फरक हा तुमचा तोटा. तो कुठे होतोय हे शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या निळ्या-लाल तारेवर ठेवा. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट जाणाऱ्या वाटेत गेले. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं बल्बच्या काळ्या तारेवर. हा अर्थचा तोटा. दोन्हीकडे ०.३ पेक्षा कमी असेल तर वायरिंगला हात लावू नका.

रामबागेतल्या एका काकांच्या १९६९ च्या एमजीबीवर नुकतंच हे मोजलं. बॅटरीवर १३.९. उजव्या बल्बवर १०.९, डाव्यावर ११.६. उजवीकडे जाणाऱ्या वाटेत २.१ आणि अर्थमध्ये ०.९ गेलेले. काका म्हणाले, “अहो, पण दोन्ही बल्ब दिवाळीलाच टाकलेत.” बल्ब खरंच ठणठणीत होते. मग वाटेतला एकेक टप्पा तपासत गेलो. बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत ०.४, स्विचच्या आत ०.७, डिपरच्या दांड्यात ०.४, आणि उरलेले ग्रिलमागच्या जोडांत. तिथे काळ्या रबरी नळीत पितळी गोळीसारखी टोकं खुपसलेली असतात. नळी सोलून काढली तर आतल्या टोकांवर मोरचुदासारखी हिरवी पूड जमलेली. एक तार नुसती ओढली तर हातात आली, तिच्या तांब्याच्या काड्या काळ्या पडून बिस्किटासारख्या मोडत होत्या. उजवा अर्थ पत्र्याला जिथे स्क्रूने आवळला होता तिथे खाली रंगाचे दोन थर होते. गाडी सुंदर रंगवताना कुणीतरी अर्थच्या जागेवरही सुंदर रंग मारला होता. रिस्टोरेशन झालेल्या गाडीत हे हमखास बघा.

आणखी एक खूण. दहा मिनिटं हेडलाइट लावून डॅशबोर्डचा स्विच हाताने चाचपा. चांगला गरम लागला तर आतले पॉइंट जळत आलेत. यात गाडी बनवणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळी सगळाच्या सगळा करंट स्विचमधून आणि डिपरमधून न्यायची पद्धत होती, आणि नवेपणी ती चालत होती. एमजीबीत तर हेडलाइटला फ्यूजसुद्धा नसतो. म्हणजे तार कुठे घासून पत्र्याला लागली तर जळायला हार्नेसच, म्हणजे गाडीतल्या तारांचा जुडगाच, पुढे.

रिले, आणि तोही नीट

जोड साफ केले, अर्थ खरवडून चकचकीत पत्र्यावर घेतला, की अर्धा तोटा तिथेच भरून निघतो. उरलेल्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हाच इलाज. स्विचने फक्त रिलेच्या कॉइलला इशारा द्यायचा, जो अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी ओढतो, आणि बल्बचा खरा करंट जाड तारेने थेट घ्यायचा.

हिशेब सांगतो, म्हणजे पटेल. मूळ वाट सहा मीटरची, तार एक चौरस मिलिमीटरची असली तर तिचा रोध सुमारे ०.१ ओहम. दहा अँपिअर नेताना नुसत्या तारेत एक व्होल्ट गेला, जोड वेगळेच. नवी वाट दोन मीटरची आणि तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर तोच तोटा ०.१ व्होल्टच्याही खाली.

डिपरला एक आणि अप्परला एक, असे दोन रिले. रिलेच्या पिनांचे नंबर सगळीकडे सारखेच: ३० ला बॅटरीकडची तार, ८७ वरून बल्बकडे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल. एमजीबीत बॅटरी सीटच्या मागे असते, तिथून तार ओढू नका. स्टार्टर सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट देणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडच्या बोल्टवरून घ्या. जिथून घेतली तिथून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज हवाच. पुढे प्रत्येक फिलामेंटला (बल्बमधल्या तारेला) वेगळा फ्यूज द्या. वायरमन एकाच फ्यूजवर दोन्ही दिवे जोडून देतात, कारण काम लवकर उरकतं. असलं काम स्वीकारू नका. घाटाच्या वळणावर एक दिवा गेला तर गाडी थांबवता येते, दोन्ही एकदम गेले तर समोर दरी आहे की कठडा हेही कळत नाही.

हार्नेस मुळीच कापायचा नाही. जुन्या निळ्या-लाल आणि निळ्या-पांढऱ्या तारा ज्या जोडातून हेडलाइटकडे जातात तिथूनच रिलेला इशारा घेता येतो. उद्या गाडी मूळ रूपात हवी झाली तर तासाभरात सगळं काढून पूर्ववत करता येतं. रिले आतल्या पत्र्यावर, पिना खाली करून बसवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, प्रेसने दाबून घ्या. पकडीने चेपलेलं थिंबल वर्षभरात सैल होतं आणि आपण परत तिथेच येतो. अर्थची तारही दोन्ही दिव्यांपासून नवी, जाड, थेट चांगल्या अर्थपर्यंत.

काकांच्या गाडीवर हे झाल्यावर दोन्ही बल्बवर १३.५ मिळाले. बल्ब तेच, दिवाळीतले.

एक सावधगिरी. साधारण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. तिथे साधा रिले बिनधास्त चालतो, पण आत डायोड असलेला रिले उलटा जोडला तर शॉर्ट होतो. एलईडी तर उलट्या अर्थवर लागतच नाही. आधी बॅटरीवर बघा कोणतं टर्मिनल बॉडीला गेलंय, मग सामान आणा.

१००/९० चे बल्ब

हे बल्ब (अप्परला १०० वॅट, डिपरला ९०) बाजारात सर्रास मिळतात आणि दुकानदार तेच पुढे करतो. ६०/५५ च्या एच४ ला अप्परवर दोन्ही मिळून दहा अँपिअर लागतात, १००/९० ला सतरा. जुन्या इंग्लिश गाडीत ल्यूकसचा सी४० डायनामो असेल तर त्याची पूर्ण ताकदच २२ अँपिअर. त्यातून इग्निशन, मागचे-पुढचे छोटे दिवे, डॅशबोर्ड, वायपर हे सगळं भागवायचं. पाऊस आला, अप्पर लावला, वायपर लावला की बॅटरी रिकामी होऊ लागते. शिवाय इंजिन आयडलवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. संध्याकाळी एलआयजी चौराह्यावर अडकलात तर तेवढा वेळ सगळं बॅटरीवर. १९६७ नंतरच्या अल्टरनेटरवाल्या गाड्यांत परिस्थिती बरी असते, पण तिथेही होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर करपतो. पूर्ण व्होल्ट मिळालेला ६०/५५ हा अपुऱ्या व्होल्टवरच्या १००/९० पेक्षा चांगला दिसतो, आणि समोरच्याचे डोळेही वाचतात.

तुमची तक्रार उलटी असेल, म्हणजे उजेड भरपूर पण बल्ब सारखे उडतात, तर बॅटरीवर मोजा. १४.८, १५ दिसले तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) बिघडलाय. आधी तो नीट करून घ्या, नाहीतर रिले बसवल्यावर बल्ब अजूनच लवकर जातील.

काच आणि रिफ्लेक्टर

मूळ सीलबंद दिवा असेल, म्हणजे काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकजीव, तर एच४ वर जाणं फायद्याचंच. सुदैवाने या गाड्यांचा दिवा सात इंची गोल, आणि तोच आकार अँबॅसडर, जुनी जीप, बुलेट सगळ्यांत वापरला गेला. त्यामुळे सामान इथेच मिळतं. काचेचीच लेन्स घ्या, प्लास्टिकची मालव्याच्या धुळीत पुसून पुसून लवकर अंधुक होते. मागे पायलट बल्बचं भोक असेल आणि तुमच्या गाडीत पार्किंगचे दिवे वेगळे असतील तर ते भोक रबरी बुचाने बंद करा. उघडं राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात आत वाफ धरते. बसवण्याआधी बल्बची शेपटी मागच्या वाटीला टेकत नाही ना तेही बघा. रिफ्लेक्टर आतून फडक्याने पुसायला जाऊ नका. ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की एका पुसण्यात निघून येतो. काळवंडला असेल तर बदलायचाच.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. डिपरचा झोत सरळ नसतो, एका बाजूला वर उचललेला असतो, म्हणजे रस्त्याची कड दिसते. आपल्याकडे तो डावीकडे उचललेला हवा. युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेला दिवा उजवीकडे उचलतो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. तो कितीही फिरवून, खाली करून बरोबर होत नाही. युरोपीय मानकाच्या काचेवर गोलात इंग्रजी ‘ई’ असतो. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे रोखलेला बाण दिसला तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपला. दोन्हीकडे बाण असेल तर दोन्हीकडे चालतो. बाणच नसेल तर घेऊ नका. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपानचा माल सहसा बरोबर असतो.

एच४ च्या होल्डरमध्ये बसणारे एलईडी मी कुणालाच सुचवत नाही. रिफ्लेक्टर ठरावीक जागच्या बारीक फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीची चकती त्या जागी, त्या आकारात नसते, त्यामुळे उजेड चहूकडे उधळतो. गाडीच्या नाकापुढे लख्ख पांढरं दिसतं, लांबचं मात्र काहीच दिसत नाही, आणि जवळच्या त्या लख्खपणामुळे डोळा लांबच्या अंधाराला सरावतच नाही. समोरच्याला होणारा त्रास वेगळा. एलईडी हवाच असेल तर संपूर्ण सात इंची दिवा, योग्य खुणेचा, आणि निगेटिव्ह अर्थच्या गाडीतच.

निशाणा

इतकं करूनही ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्यांच्या गाडीत दिव्याचा निशाणा चुकलेला असतो. सपाट जागा शोधा, भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर गाडी उभी करा. टायरात हवा बरोबर, टाकी भरलेली, ड्रायव्हर जागेवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारा आणि तिच्या दहा सेंटीमीटर खाली दुसरी रेघ. डिपर लावून झोताची वरची कड या खालच्या रेघेवर आणा. डावीकडे ती तिरकी वर चढलेली दिसेल, तेच बरोबर. कडेची क्रोम रिंग काढली की आत दोन स्क्रू दिसतात, वरचा उंचीचा आणि बाजूचा डावी-उजवीचा. निशाणा नेहमी डिपरवर लावायचा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्या असतील तर गाडीचं नाक वर होतं आणि निशाणाही. डिकीत सामान भरून मांडूला जाणाऱ्यांनी सामानासकटच लावावा.

आता बुटक्या गाडीची मर्यादा. एक टक्का उतार म्हणजे दर मीटरला एक सेंटीमीटर. दिवा जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर त्याची कड ६० मीटरवर जमिनीला टेकते. डावी कड थोडी पुढे दिसते, पण तुमच्या समोरचा रस्ता तिथेच संपतो. ताशी ८० च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच सुमारे ३३ मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनेही थांबायला पुढचे चाळीसेक मीटर. म्हणजे दिसलेल्या खड्ड्याआधी थांबणं शक्यच नाही. ताशी ६० ला हिशेब ५० मीटरच्या आसपास बसतो. त्यामुळे डिपरवर ६० च्या पुढे जायचं नाही हा नियम दिव्यांनीच घालून दिलाय, कितीही महागडी काच लावली तरी. उंच एसयूव्हीच्या मागे लागून तिच्या वेगाने जाऊ नका. तिचा दिवा आपल्यापेक्षा हातभर उंच असतो, तिला खरंच लांबचं दिसतं.

पुढची काच आतून धुवा. जुन्या गाडीत आतल्या बाजूला तेलकट थर धरतो, आणि समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी होते. वायपरचे जुने ओरखडेही हेच करतात.

ज्यांना अजून लांबचं हवं त्यांनी पुढच्या दांडीवर लांब झोताचे दोन जादा दिवे लावावेत, पण त्यांचा रिले अप्परच्या तारेवरूनच चालेल असा जोडावा, म्हणजे डिपर मारला की ते आपोआप विझतात. डायनामोच्या गाडीत मात्र याचा नाद करू नये.

सगळं झालं की डिपर लावून दोन्ही बल्बवरचे व्होल्ट आणि दोन्ही बाजूंचा अर्थचा तोटा कागदावर लिहा, तारीख टाका आणि कागद गाडीच्या कप्प्यात ठेवा. पावसाळा संपला की नवरात्रात परत मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर ग्रिलमागचे जोड उघडून पॉलिश पेपरने घासा, व्हॅसलीनचा हात फिरवा आणि पुन्हा दाबून बसवा. बल्ब तसाच राहू द्या.